म्युल. आर्ग. म्हणजे कोण? कुंकवाच्या झाडामागचा स्विस माणूस

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आजची गोष्ट एका लाल बोटापासून सुरू होते. बोट माझंच.

मार्च महिना होता. आलापल्लीहून भामरागडकडे निघालो होतो. वाटेत एका नाल्यापाशी पाणी प्यायला थांबलो. काठावर एक मध्यम उंचीचं झाड, आणि त्याला विटकरी-लाल रंगाच्या छोट्या छोट्या फळांचे घोस. एक फळ चुरगाळलं तर बोट लाल. पुसलं तर रुमाल लाल. धुतलं तरी जाईना.

आता आपली पिढी अशा वेळी काय करते? मोबाइल काढते. नेटवर्कची एकच काडी होती, पण फोटो गेला आणि झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपनं उत्तर दिलं: मॅलोटस फिलिपेन्सिस, मग कंसात लॅम., आणि कंसाबाहेर म्युल. आर्ग.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी शेजारून जाताना थांबली. म्हणाली, "काहून फोटो काढून रायली पोरी? कुंकवाचं झाड होय थे."

एका झाडाची दोन नावं मला एका मिनिटात मिळाली. आजीचं नाव लगेच कळलं, कारण पुरावा बोटावर होता. अ‍ॅपच्या नावातलं ते शेवटचं "म्युल. आर्ग." मात्र डोक्यात अडकून बसलं. खरं सांगते, आधी मला ती औषधाची कंपनी वाटली. घरी आल्यावर शोधायला बसले आणि थेट स्वित्झर्लंडमध्ये पोचले, दीडशे वर्षं मागे. आजचा एपिसोड त्या माणसाचा आणि आपल्या कुंकवाच्या झाडाचा.

आधी झाड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, विशेषतः नाल्यांच्या कडेनं, हे झाड दिसतं. मराठीत त्याला कुंकुफळ म्हणतात, शेंद्री म्हणतात, कपिला म्हणतात. संस्कृतात कंपिल्लक. बाजारात कमला. इंग्रजीत एक मजेशीर नाव आहे, मंकी फेस ट्री, म्हणजे माकडतोंड्या झाड, कारण फळं हाताळून माकडांची तोंडं लाल होतात असं सांगतात.

याची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. फुलं इतकी बारीक की लक्षात येत नाहीत, पाकळ्या तर नाहीतच. फळ मात्र लक्षात राहतं. तीन कप्प्यांचं, वाटाण्याएवढं, आणि वरून लाल भुकटीचा थर. ही भुकटी म्हणजे फळाच्या सालीवरच्या सूक्ष्म ग्रंथी. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून माझं बोट धुऊनही लालच राहिलं. सोड्यासारखा खार घातला की रंग सुटतो, आणि रेशीम सुंदर केशरी-पिवळं रंगतं. हीच भुकटी पोटातले जंत पाडायला वापरायचे. हा उपयोग आयुर्वेदात जुना आहे, आणि १८६० च्या दशकात ब्रिटिश फार्माकोपियानंही "कमला" या नावानं तिची नोंद घेतली. (घरी करून बघू नका हं, जास्त प्रमाणात ती पोट पार बिघडवते.)

थोडक्यात, हे झाड कुणाला नव्यानं सापडलेलं नव्हतं. त्याचा रंग, त्याचं औषध, सगळं माहीत होतं. मग त्याच्या नावामागे स्विस माणूस कुठून आला?

नावाचा सातबारा

वनस्पतीच्या शास्त्रीय नावाच्या मागे जी छोटी अक्षरं असतात, ती नाव देणाऱ्याची सही असते. मला ती समजली सातबाऱ्यामुळे. कंसातला माणूस म्हणजे मूळ नोंद करणारा, आणि कंसाबाहेरचा म्हणजे नंतर फेरफार करणारा. आता आपल्या झाडाचे फेरफार वाचू.

पहिली नोंद १७८६ ची, पॅरिसमधली. करणारा लामार्क. हो, तोच, शाळेच्या पुस्तकातला जिराफाच्या मानेवाला लामार्क! त्याच्यासमोर फिलिपिन्समधून आलेली एक वाळलेली फांदी होती. त्यानं तिला "क्रोटॉन" या गटात टाकलं आणि पुढे नाव लावलं "फिलिपेन्सिस", म्हणजे फिलिपिन्सचं. हे झाड भारतातही वाढतं, पण त्याच्या टेबलावर आलेली फांदी होती फिलिपिन्सची. जिथला कागद आधी पोचला, तिथलं नाव लागलं.

दुसरी नोंद आपल्या जवळची आहे. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर गोदावरीच्या मुखाजवळ, समलकोटला, कंपनीच्या नोकरीत होता. आपल्या सिरोंच्याहून जी गोदावरी पुढे वाहत जाते, तिच्याच खालच्या अंगाला. त्यानं हे झाड जिवंत पाहिलं. स्थानिक चित्रकारांकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली आणि या झाडाला नाव दिलं "रॉटलेरा टिंक्टोरिया". टिंक्टोरिया म्हणजे रंगाऱ्याची. तेलुगू लोक त्या भुकटीला "वसंत-गुंडा" म्हणतात, हेही त्यानं टिपलं. रॉटलेरा हे नाव ट्रँकेबारच्या रॉटलर नावाच्या मिशनऱ्यावरून आलं.

म्हणजे एकच झाड, पॅरिसच्या दप्तरात क्रोटॉन आणि भारतातल्या दप्तरात रॉटलेरा. जमिनीच्या एकाच तुकड्याचे दोन सातबारे असावेत तसं. हा घोळ सोडवणारा माणूस म्हणजे आपला म्युल. आर्ग.

आरगाऊकर म्युलर

त्याचं नाव योहानेस म्युलर. जिनिव्हात फ्रेंच चालायचं, म्हणून तिथे झाँ म्युलर. जन्म ९ मे १८२८, स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातल्या टॉयफेनताल या गावी.

आता अडचण अशी, की जर्मन भाषेच्या मुलखात म्युलर हे आडनाव म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखं. म्युलर म्हणजे गिरणीवाला. त्यामुळे वनस्पतीशास्त्रातसुद्धा म्युलरच म्युलर. हालं शहरात शेवाळांचा अभ्यास करणारा एक कार्ल म्युलर. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर राज्य करणारा एक फर्डिनांड म्युलर. मग सही ओळखायची कशी?

आपण गडचिरोलीत काय करतो? दहा मडावी असले की विचारतो, "कोणते मडावी? आलापल्लीचे की धानोऱ्याचे?" या माणसानंही तेच केलं. आपल्या प्रांताचं लॅटिन नाव मागे लावलं: म्युलर आर्गोविएन्सिस. म्हणजे आरगाऊचा म्युलर. पश्चिम महाराष्ट्रात असता तर सरळ "आरगाऊकर" झाला असता. त्याचंच छोटं रूप, म्युल. आर्ग. माझी औषध कंपनी इथे बंद झाली.

१८५१ च्या सुमारास, विशीतला असताना, तो जिनिव्हाला द कांदोल घराण्याच्या हर्बेरियमचा सांभाळ करायला लागला. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आणि द कांदोल म्हणजे त्या काळातलं वनस्पतीशास्त्रातलं मोठं घराणं. वडील ऑगस्टिन पिराम द कांदोल यांनी १८२४ मध्ये एक अचाट काम सुरू केलं होतं: जगातल्या माहीत असलेल्या सगळ्या बियाणाऱ्या वनस्पतींची वर्णनं एका ग्रंथमालेत आणायची. नाव "प्रोड्रोमस", म्हणजे पूर्वतयारी, नुसती नांदी! ती नांदीच १८७३ पर्यंत चालली. १७ खंड झाले, सुमारे ५८ हजार जाती नोंदल्या गेल्या, त्याही मुख्यतः द्विदलांच्याच. वडील १८४१ मध्ये गेले, मुलगा अल्फाँस यानं काम पुढे नेलं, नातू कासिमिरनंही हात लावला. तीन पिढ्या एकच पुस्तक.

भारताचा यात काय संबंध? ईस्ट इंडिया कंपनीनं कलकत्त्याच्या बागेमार्फत हजारो वाळलेल्या वनस्पती गोळा केल्या होत्या. नॅथॅनिएल वॉलिकनं त्या लंडनला नेऊन १८२८ पासून त्यांच्या जादा प्रती युरोपभर वाटल्या, आणि जिनिव्हाच्या द कांदोलना त्यातला मोठा वाटा मिळाला. भारताची जंगलं अशी कागदांच्या गठ्ठ्यांतून आल्प्सच्या पायथ्याशी पोचली.

वाळलेल्या फांद्यांचं काम

प्रोड्रोमससाठी म्युलरच्या वाट्याला आलं एरंड कुळ, यूफोर्बिएसी. ज्यांना वनस्पतींचं वेड आहे त्यांना विचारा, हे कुळ म्हणजे डोकेदुखी. फुलं मोहरीएवढी, बऱ्याचदा पाकळ्याच नाहीत, नर-मादी वेगळे. एरंडही यातच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे आपला आवळाही यातच. आपल्या जंगलातली विषारी गराडीसुद्धा. या कुळातल्या थोरांच्या भागाचं, म्हणजे शेर-निवडुंगासारख्या चिकाळ मंडळींचं, काम जिनिव्हाच्याच एडमाँ बुआसिएनं केलं. बाकी सगळं म्युलरनं.

विचार करा, काम कसं चालत असेल. खिडकीशी टेबल. समोर तपकिरी पडलेली फांदी. त्यातलं एक फूल काढायचं, गरम पाण्यात मऊ करायचं, सुईनं उघडायचं, भिंगाखाली बघायचं. पुंकेसर किती, बीजांडकोशाचे कप्पे किती, पानाच्या बुडाशी ग्रंथी आहेत का. मग पुढची फांदी. नर फांदी एका देशातून आलेली, मादी दुसऱ्याच देशातून, वेगळ्या माणसानं पाठवलेली, वेगळ्या नावानं. या दोघी एकाच जातीच्या आहेत हे ओळखायचं. हजारो वेळा. सगळं लॅटिनमध्ये लिहायचं.

या बैठकीतूनच कुंकवाच्या झाडाचा घोळ सुटला. लामार्कचा फिलिपिन्सवाला क्रोटॉन आणि रॉक्सबर्गचा रॉटलेरा हे एकच झाड. मग नाव कुठलं ठेवायचं? तत्त्व असं, की जे आधी छापलं ते खरं. रॉक्सबर्गच्या नावाच्या आधी लामार्कचं १७८६ आहे, म्हणून "फिलिपेन्सिस" राहिलं. पण झाड क्रोटॉन नाही, हेही दिसत होतं. ते ज्या प्रजातीत बसत होतं तिला जोआव द लोरेरो नावाच्या पोर्तुगीज पाद्र्यानं आजच्या व्हिएतनाममधल्या झाडावरून १७९० मध्येच नाव दिलं होतं, मॅलोटस, म्हणजे लोकरी. तेही रॉटलेराच्या आधीचं. म्हणून म्युलरनं दोन्ही जोडले: मॅलोटस फिलिपेन्सिस. १८६५ मध्ये ते "लिनिया" या नियतकालिकात छापून आलं, आणि पुढच्या वर्षी प्रोड्रोमसच्या जाडजूड खंडात.

व्हिएतनामचं पहिलं नाव, फिलिपिन्सचं दुसरं, फ्रेंच माणसाची कंसातली सही आणि स्विस माणसाचा फेरफार. आणि झाड? ते भामरागडच्या रस्त्यावर नाल्याकाठी उभंच.

(एक गंमत. रॉटलेरा नाव हरलं, पण मेलं नाही. त्या लाल भुकटीतल्या मुख्य रसायनाला तोवर "रॉटलेरिन" म्हणायला लागले होते. आजही जगभरच्या प्रयोगशाळा ते याच नावानं विकत घेतात. रद्द झालेला सातबारा असा भलत्याच कपाटात जिवंत राहतो.)

म्युलरची सही अजून कुठे आहे माहितीये? कोकणातल्या चांदाड्यावर. दंतीच्या, जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या नावावर. आणि सगळ्यात मोठी म्हणजे रबराच्या झाडावर. हेविया ब्राझिलिएन्सिस हे नावही त्यानंच १८६५ मध्ये जुळवलं. त्यानंतर ११ वर्षांनी हेन्री विकमनं ब्राझीलमधून त्या झाडाचं सुमारे ७० हजार बी लंडनला नेलं, आणि तिथून आशियातले रबराचे मळे उभे राहिले. मळे, टायर, पैसा हे सगळं दुसऱ्यांचं. म्युलरच्या वाट्याला कंसाबाहेरची सात अक्षरंसुद्धा नीट आली नाहीत.

१८६५ चे दोन कागद

आता जिनिव्हातून परत आपल्या मुलखात येऊ. कारण १८६५ या सालापाशी मी जरा थबकले.

म्युलर हर्बेरियममध्ये काम करत होता तेव्हा चांद्यात काय चाललं होतं? १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेलं. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदारानं उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. तेव्हा तो पंचविशीचा होता, म्युलर तिशीचा. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं, त्याचा प्रमुख डीट्रिच ब्रँडिस, हा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ. आणि १८६५ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन कायदा आला. झाडांनी झाकलेली जमीन सरकारी जंगल म्हणून जाहीर करायची आणि तिथे कुणी काय करायचं याचे नियम लावायचे, असा अधिकार त्यानं सरकारला दिला. १८७८ च्या कायद्यानं हा फास आणखी आवळला.

म्हणजे बघा, एकाच वर्षी दोन कागद निघाले. एका कागदानं झाडाला जगात चालेल असं नाव दिलं. दुसऱ्यानं ते झाड ज्या जमिनीवर उभं आहे तिचा मालक ठरवायचा रस्ता उघडला. पहिल्या कागदावर लिहिणाऱ्याचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगते. म्युलर काही साम्राज्याचा नोकर नव्हता. पण दोन्ही कागद लिहिताना एक गोष्ट सारखी होती: नाल्याकाठच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि पुढे हे कागद एकमेकांना भेटलेही. ब्रँडिसनं १८७४ मध्ये वायव्य आणि मध्य हिंदुस्थानच्या वनवृक्षांवर मोठं पुस्तक काढलं. ते वनखात्यातल्या माणसांच्या हातात गेलं. नंतर जोसेफ हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरातही म्युलरचंच नाव बसलं. जिनिव्हाच्या टेबलावरचं नाव असं फिरत फिरत वनखात्याच्या नोंदींत, पाट्यांवर आणि शेवटी माझ्या मोबाइलवर आलं.

दगडफुलापाशी चुकला

आता या माणसाला फार उंचावर बसवायच्या आधी एक किस्सा. म्युलरचं खरं प्रेम होतं लायकेनवर. म्हणजे आपलं दगडफूल. सावजी मसाल्यात जे पडतं ना, त्याच जातकुळीतलं. १८६९ मध्ये दलेसेर घराण्याचा प्रचंड संग्रह जिनिव्हा शहराला मिळाला, त्याचा सांभाळ म्युलरकडे आला. विद्यापीठात औषधी वनस्पती शिकवायचं कामही होतं. आणि उरलेला सगळा वेळ दगडफुलं. जगभरातून त्याच्याकडे नमुने यायचे आणि हजारो नव्या जातींना त्यानं नावं दिली.

त्याच सुमारास सायमन श्वेंडेनर नावाच्या दुसऱ्या स्विस शास्त्रज्ञानं एक विचित्र गोष्ट मांडली. म्हणाला, लायकेन ही एक वनस्पती नाहीच. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. लायकेनवाले खवळले. आयुष्यभर ज्याला एक जीव मानून नावं दिली, ते दोन जीव? म्युलरनं हे कधीच मान्य केलं नाही. बुरशीच्या धाग्यांतच हिरव्या पेशींची सूक्ष्म बीजं असतात, अशा उलट्या मताच्या बाजूनं तो उभा राहिला. २८ जानेवारी १८९६ ला जिनिव्हात तो गेला. पुढे श्वेंडेनर बरोबर ठरला.

मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो. दगडफुलाच्या हजारो जाती ज्यानं एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या, त्याला दगडफूल म्हणजे मुळात काय हे उमगलं नाही. नाव देता येणं आणि जाणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ते नाव हवं कशाला?

कुणी म्हणेल, ताई, मग सोडा ना ते लॅटिन. कुंकवाचं झाड म्हणू या, झालं. मलाही आधी असंच वाटलं. पण थांबा.

मराठीत "शेंद्री" म्हटलं की दोन झाडं निघतात. एक आपलं जंगलातलं कुंकुफळ. दुसरी काटेरी बोंडांची, बागेत लावतात ती, जी मूळ दक्षिण अमेरिकेतली आहे. दोन्ही लाल रंग देतात, पण नात्यानं खूप दूर. दुसरं उदाहरण याहून गंभीर. हिंदीत कुंकवाच्या झाडाला "रोहिणी" म्हणतात. आणि आपल्याकडे "रोहन" किंवा "रोहिणी" म्हणजे वेगळंच झाड, ज्याची साल तापावर वापरतात. ही दोन्ही झाडं आपल्याच जंगलात आहेत. नागपूरहून कुणी फोनवर "रोहिणी पाठवा" म्हटलं तर गडचिरोलीतून काय जाईल? जंत पाडणारी भुकटी की तापाची साल? औषधात ही चूक गंमत राहत नाही.

म्हणून म्युलरचं ते किचकट काम मला आता रुक्ष वाटत नाही. व्हिएतनामच्या माणसानं, फिलिपिन्सच्या माणसानं आणि भामरागडच्या माणसानं एकाच झाडाबद्दल बोलायचं, तर एक सामायिक पत्ता लागतो. तो पत्ता त्यानं पक्का केला. आणि खाली सही केली, म्हणजे चुकलं तर कुणाला विचारायचं हेही कळावं. १८६७ मध्ये अल्फाँस द कांदोलनं नामकरणाचे नियमच लिहून काढले. आजचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्याच वारशातले.

पण पत्ता म्हणजे घर नाही. पत्त्यावरून घरात कोण राहतं, चूल कशी पेटते, हे कळत नाही. रॉक्सबर्ग जिवंत झाडापाशी उभा होता, म्हणून त्याच्या नोंदीत वसंत-गुंडा आलं, रंग आला. जिनिव्हापर्यंत जाता जाता पुंकेसर उरले, कप्पे उरले. फांदी कुणी तोडली, झाड कुणी दाखवलं, ते त्याला काय म्हणत होते, हे कागदावरून गळून पडलं.

उरलेली अर्धी नोंद

ती गळालेली अर्धी नोंद भरायची सोय आता आपल्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. गावानं स्वतः लिहायचं: आपल्याकडे काय उगवतं, त्याला आपण काय म्हणतो, कशासाठी वापरतो. आणि १८६५ च्या त्या दुसऱ्या कागदाचं काय? त्याला उत्तर यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांना मिळाला. जंगलाचा कागद हळूहळू का होईना, गावाकडे फिरतोय.

नावाचा कागद मात्र तसा आपोआप फिरणार नाही. कारण तो कुणी काढून घेतलेला नाही, तो लिहिलाच गेला नाही. गोंडी, माडिया, तेलुगू, आपली झाडीबोली, या सगळ्यांत या झाडांना नावं आहेत, आणि ती बऱ्याच ठिकाणी फक्त आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. अ‍ॅप ती सांगणार नाही. अ‍ॅपला जे कुणी लिहून दिलं तेवढंच ते सांगतं.

त्या दिवशी नाल्यावर मी आजीला "हो का" म्हटलं आणि गाडीत बसले. कुंकू म्हणजे कपाळाला लावायचे का, कापड रंगवायचे का, घरात बोलताना ती कुठलं नाव घेते, काहीच विचारलं नाही. फोटोला लोकेशन लागलंय, तारीख लागलीय, म्युल. आर्ग. पण लागलाय. आजीचं नावसुद्धा माझ्याकडे नाही. म्हणजे जिनिव्हात जे झालं तेच मी नाल्याकाठी उभं राहून केलं, आणि मला तर तिची भाषा येत होती.

म्हणून या वेळचं काम. तुमच्या घरातल्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या झाडाचा फोटो दाखवा आणि विचारा, याला काय म्हणता, काय करता. त्यांची हरकत नसेल तर तिथेच व्हॉइस नोट करा, गावाचं नाव सांगा, आणि गावात नोंदवही असेल तर त्यात लिहून घ्यायला सांगा. मग आम्हाला पाठवा. आलेली सगळी नावं पुढच्या एपिसोडमध्ये वाचू, आणि प्रत्येक नावामागे सांगणाऱ्याची सही लावू. कंसात गाव, कंसाबाहेर माणूस.

भेटू पुढच्या वेळी. तोवर, नाल्याकाठी लाल फळं दिसली तर हात लावायच्या आधी रुमाल जुना घ्या!